शरीरात दडलेला जुना पत्ता
निर्वासित मुलांमधील अनोळखी कृमीरोग वर्षानुवर्षे का निसटतात आणि ते कसे ओळखावेत?

– प्रतिनिधी

सुदानच्या दक्षिण भागात यादवी युद्धाने थैमान घातले, तेव्हा १९८७च्या सुमारास हजारो मुलांना आपली गावे सोडून पळावे लागले. त्यातील बहुतेक डिंका आणि नुएर जमातींमधील होती आणि अनेकांचे आईवडील वाटेतच दुरावले किंवा मारले गेले. शेकडो मैल अनवाणी चालत ही मुले इथिओपियात पोहोचली. १९९१ मध्ये तेथील राजवट कोसळली आणि त्यांना पुन्हा पळावे लागले. नद्या-दलदली तुडवत, मिळेल ते पाणी पीत, १९९२ मध्ये त्यांतील अनेकजण केनियातील काकुमा येथील छावणीत आले. जगाने त्यांना 'लॉस्ट बॉइज', म्हणजे सुदानची हरवलेली मुले, असे नाव दिले. २००० आणि २००१ या काळात त्यांच्यापैकी साडेतीन हजारांहून अधिक तरुणांना अमेरिकेने आश्रय दिला.

निघण्यापूर्वी या तरुणांची रीतसर वैद्यकीय तपासणी झाली होती. अमेरिकेत त्यांना घर मिळाले, शिक्षण मिळाले, कामही मिळाले. परंतु पुढील काही वर्षांत त्यांच्यापैकी अनेकजण पोटाच्या जुनाट तक्रारी घेऊन दवाखान्यांत जाऊ लागले. अखेर त्यांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीच्या निष्कर्षांनुसार, सुदानी तरुणांपैकी ४६ टक्क्यांच्या रक्तात स्ट्राँगिलॉइड्स या कृमीच्या, तर ४४ टक्क्यांच्या रक्तात शिस्टोसोमा या कृमीच्या संसर्गाच्या खुणा होत्या. त्याच वेळी तपासलेल्या सोमाली बांटू निर्वासितांमध्ये शिस्टोसोमाचे प्रमाण तर ७३ टक्के होते.

ज्या नद्या या मुलांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी ओलांडल्या होत्या, त्यांची खूण त्यांच्या शरीरात अजूनही होती. नवे घर मिळाले म्हणून कृमी जुना पत्ता विसरत नाही, ही साधी गोष्ट रोगनिदानाच्या वेळी हमखास नजरेआड होते. या विषयाचे सगळे गांभीर्य तिच्यातच आहे.

तक्रार साधी, कारण दूरचे

जंत हा शब्द आपल्याला नवा नाही. लहानपणी शाळेत मिळालेली जंताची गोळी बहुतेकांना आठवत असेल. आतड्यातील नेहमीचे गोल जंत एक-दोन वर्षे जगतात आणि नवा संसर्ग झाला नाही तर आपोआप संपतात. त्यामुळे स्वच्छ पाणी आणि शौचालये असलेल्या देशात येऊन तीन-चार वर्षे झाली की जंतांचा प्रश्न मिटला, असा समज डॉक्टरांमध्येही रूढ होता. स्ट्राँगिलॉइड्स आणि शिस्टोसोमा हे दोघे मात्र या नियमाला अपवाद आहेत.

दुसरी अडचण तक्रारींच्या स्वरूपाची आहे. पोट दुखते, भूक लागत नाही, अंगाला खाज सुटते, अधूनमधून खोकला येतो, थकवा जात नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा तक्रारी निर्वासित मुलाने केल्या की त्याचे खापर बहुधा मानसिक ताणावर किंवा बदललेल्या आहारावर फोडले जाते. ताण असतोच, युद्ध पाहिलेल्या मुलाला तो कसा नसेल? परंतु ताण आणि कृमी एकाच शरीरात सुखेनैव नांदू शकतात. एकाचे निदान झाले म्हणजे दुसरा नाही, असे होत नाही.

तिसरी गोष्ट त्याहून वेगळी आहे. मुलाला स्वतःला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. आफ्रिकेतील अनेक नदीकाठच्या गावांत वयात येणाऱ्या मुलांच्या लघवीतून रक्त जाणे ही इतकी सर्रास आढळणारी बाब आहे की काही ठिकाणी ती मोठे होण्याचीच खूण समजली जाते. ज्या गोष्टीला गावात कोणी आजार म्हणत नाही, ती परक्या देशातील डॉक्टरला, तीही दुभाष्यामार्फत, मूल आपणहून कशाला सांगेल?

स्ट्राँगिलॉइड्स: स्वतःचीच पैदास करणारा कृमी

स्ट्राँगिलॉइड्सची मादी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची असते. तिच्या अळ्या दूषित मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. तेथून फुप्फुसांच्या वाटेने त्या लहान आतड्यात पोहोचतात आणि आतड्याच्या अस्तरात मुक्काम ठोकतात. मादीला अंडी घालण्यासाठी नराची गरज लागत नाही. ही अंडी आतड्यातच फुटतात आणि बाहेर पडणाऱ्या अळ्यांपैकी काही शरीराबाहेर न जाता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा त्याच माणसाच्या शरीरात शिरतात. हे चक्र बाहेरच्या कोणत्याही मदतीविना चालू राहते. त्यामुळे माणूस कितीही स्वच्छ जागी गेला तरी संसर्ग संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामाला जुंपलेल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांमध्ये हा कृमी तीस-चाळीस वर्षांनंतरही जिवंत सापडला होता.

एरवी हा पाहुणा फारसा त्रास देत नाही. पोटात जळजळ, अधूनमधून जुलाब, त्वचेवर खाज. कधीकधी पोटावर, मांड्यांवर किंवा नितंबांवर नागमोडी लाल रेघ उमटते आणि ती तासाला काही सेंटीमीटर वेगाने पुढे सरकते. अशी सरकती रेघ हे या कृमीचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. मात्र ती डॉक्टरसमोर असताना दिसेलच असे नाही.

खरा धोका पुढे आहे. शरीराची प्रतिकारशक्ती या कृमीची संख्या आटोक्यात ठेवते. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य कारणासाठी स्टेरॉइड दिले गेले, किंवा कर्करोगाचे अथवा अवयवरोपणानंतरचे उपचार सुरू झाले, की हा बांध फुटतो. अळ्यांची संख्या बेसुमार वाढते, त्या आतडे भेदून सर्वत्र पसरतात आणि जाताना आतड्यातील जिवाणू रक्तात, प्रसंगी मेंदूच्या आवरणातही घेऊन जातात. या अवस्थेत वेळीच निदान झाले नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात. यातील दैवदुर्विलास असा की, कृमींमुळे होणारा खोकला आणि धाप दमा समजली जाते, दम्यासाठी स्टेरॉइड दिले जाते आणि उपचारच घातक ठरतो.

कोविडच्या साथीत हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे गंभीर रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झाले आणि जगभर त्याचा वापर सुरू झाला. तेव्हा उष्ण प्रदेशांतून आलेल्या रुग्णांना स्टेरॉइडबरोबर आयव्हरमेक्टिन द्यावे, असा इशारा तज्ज्ञांना द्यावा लागला. हे औषध त्या काळात कोविडवरील उपाय म्हणून गाजले आणि त्यावरून बराच वाद झाला. कृमींवरील त्याच्या गुणाबद्दल मात्र कधीच वाद नव्हता. २०१५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या औषधाच्या शोधासाठीही दिले गेले होते.

शिस्टोसोमा: नदीतून आलेला

शिस्टोसोमाला पोहण्यासाठी पाणी आणि वाढण्यासाठी गोगलगाय लागते. रुग्णाच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी गोड्या पाण्यात पडतात, त्यांतून निघालेले जीव विशिष्ट जातीच्या गोगलगायीत वाढतात आणि तेथून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. पाणी पिण्याची गरज नाही. गुरे पाण्यावर नेणे, कपडे धुणे, पोहणे एवढे पुरेसे असते. प्रौढ कृमी नर-मादीच्या जोडीने रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांचे आयुष्य साधारण तीन ते दहा वर्षांचे, क्वचित त्याहून बरेच अधिक असते.

त्रास कृमींपेक्षा त्यांच्या अंड्यांचा अधिक होतो. काही अंडी बाहेर न पडता शरीरातच अडकतात आणि त्यांच्याभोवती सूज व व्रण तयार होतात. एका जातीत हा मार मूत्राशयावर बसतो. लघवीतून रक्त जाते, पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो आणि अनेक वर्षांनी मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. दुसऱ्या जातीत यकृत आणि आतडी सापडतात; प्लीहा वाढते आणि काही रुग्णांना एके दिवशी अचानक रक्ताच्या उलट्या होतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. अंडी जननमार्गात अडकल्यास तेथे व्रण होतात, रक्तस्राव होतो, वेदना होतात आणि पुढे वंध्यत्वही येऊ शकते. ही लक्षणे लैंगिक आजाराची समजून चुकीचे उपचार केले जातात आणि आधीच बुजलेल्या मुलीच्या वाट्याला विनाकारण संशय येतो. आफ्रिकेतून आलेल्या तरुणीची अशी तक्रार ऐकताना 'लहानपणी नदीत उतरत होतीस का?' हा एक प्रश्न तिची बदनामी आणि आजार दोन्ही टाळू शकतो.

हा रोग आपल्यापासून फार दूरचा आहे असे वाटेल. परंतु वैद्यकीय इतिहासात कोकणातील एका गावाचे नाव यासंदर्भात कायमचे नोंदले गेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्राशयाच्या शिस्टोसोमाचे स्थानिक रुग्ण आढळल्याचे गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये जगासमोर आणले. आफ्रिकेत या कृमीला आसरा देणाऱ्या गोगलगायी बुलिनस वंशातील असतात; गिमवीत मात्र संशयाची सुई फेरिसिया टेन्युइस या चिमुकल्या गोगलगायीकडे वळली. रुग्ण कोठे राहतो आणि कोणत्या पाण्यात उतरतो, या प्रश्नांचे मोल त्या गावानेही दाखवून दिले होते.

ओळखावे कसे?

पहिला धागा अगदी साध्या रक्ततपासणीत मिळतो. पांढऱ्या पेशींमधील इओसिनोफिल हा प्रकार आपल्याकडे बहुतेक घरांत ऐकून माहीत असतो. 'इओसिनोफिल वाढलेत, ॲलर्जी आहे' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. परंतु कृमी शरीराच्या पेशीजालांतून प्रवास करतात तेव्हाही या पेशी वाढतात. रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमागे त्यांची संख्या ५०० च्या वर गेली आणि रुग्ण उष्ण कटिबंधातील देशातून आलेला असेल, तर ॲलर्जीवर थांबू नये, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र इओसिनोफिल वाढलेले नाहीत म्हणून कृमी नाहीत, असेही नव्हे. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात तर ही संख्या खाली येते आणि धोक्याची घंटा वाजतच नाही.

दुसरी अडचण शौचाच्या तपासणीची. स्ट्राँगिलॉइड्सच्या अळ्या शौचात रोज आणि भरपूर पडत नाहीत. एका नमुन्याच्या नेहमीच्या तपासणीत निम्म्याहून अधिक रुग्ण निसटू शकतात. म्हणूनच 'शौचाचा रिपोर्ट नॉर्मल आहे' या वाक्यावर विसंबून चालत नाही. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी चाचणी अधिक भरवशाची ठरते. कॅनडातील तज्ज्ञांनी २०११ मध्ये आणि युरोपीय रोग प्रतिबंध व नियंत्रण केंद्राने २०१८ मध्ये बाधित प्रदेशांतून आलेल्या स्थलांतरितांसाठी या दोन्ही कृमींची रक्तचाचणी सुचवली, ती याच कारणाने.

तिसरा आणि सर्वांत स्वस्त धागा म्हणजे प्रश्न. तू कोणत्या देशातून आलास, एवढे विचारून भागत नाही. पासपोर्टवरचा देश एक असतो आणि वाटेत काढलेली वर्षे दुसऱ्याच देशांत गेलेली असतात. जन्म कोठे झाला, कोणत्या छावणीत किती काळ राहिलास, कोणत्या वाटेने आलास, अनवाणी चालत होतास का, नदी-तळ्यात उतरत होतास का, लघवीतून कधी रक्त गेले का, निघण्यापूर्वी कोणत्या गोळ्या दिल्या होत्या, असे एकेक विचारावे लागते. यासाठी दुभाषी हवा, आणि तोही शक्यतो मुलाचा नातेवाईक नसावा. कारण काकांच्या तोंडून लघवीच्या तक्रारीचे भाषांतर करवून घेणे कोणत्याही पंधरा वर्षांच्या मुलाला जड जाते.

या प्रश्नांच्या उत्तरांवर नकाशा ठेवला की संशयाची दिशा ठरते. मध्य आफ्रिकेतून आलेल्या तरुणाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून कृमी सरकताना दिसला किंवा हातावर येणारी-जाणारी सूज असेल, तर लोआ लोआ. बोलिव्हियासारख्या लॅटिन अमेरिकी देशातील तरुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर चागास रोग. तो गर्भवतीकडून बाळालाही होतो. सीरियातून आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर महिनोन्महिने न भरणारा पण न दुखणारा व्रण असेल, तर वालुमाशीमुळे होणारा त्वचेचा लेशमानियासिस. हा व्रण त्या भागात शतकानुशतके 'अलेप्पोचा फोड' म्हणून ओळखला जातो आणि २०११ नंतरच्या युद्धात त्याने पुन्हा डोके वर काढले. नेपाळमधील छावण्यांतून गेलेल्या भूतानी तरुणाला अचानक फिट आली, तर मेंदूतील पट्टकृमीच्या गाठी. या शेवटच्या आजाराशी भारतीय डॉक्टरांचा चांगलाच परिचय आहे, पाश्चात्त्य शहरातील तरुण डॉक्टरांचा असतोच असे नाही.

गोळी सोपी, पण क्रम महत्त्वाचा

दिलासा देणारी बाब अशी की, स्ट्राँगिलॉइड्स आणि शिस्टोसोमा या दोन्हींवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. पहिल्यावर आयव्हरमेक्टिन आणि दुसऱ्यावर प्राझिक्वांटेल. उपचार बहुधा एक-दोन दिवसांत उरकतात. त्यामुळेच अमेरिकेने दुहेरी मार्ग स्वीकारला. १९९९ पासून आफ्रिका व आग्नेय आशियातील निर्वासितांना प्रस्थानापूर्वीच, तपासणीची वाट न पाहता, अल्बेंडाझोलची गोळी देण्यास सुरुवात झाली. मिनेसोटा राज्यात आलेल्या निर्वासितांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही गोळी न घेतलेल्यांपैकी २०.८ टक्क्यांच्या शौचात गोल कृमी आढळले. गोळी घेतलेल्यांत हेच प्रमाण ४.७ टक्के होते. मात्र अल्बेंडाझोलची एक मात्रा स्ट्राँगिलॉइड्सला पुरत नाही आणि शिस्टोसोमावर तिचा उपयोग नाही. सुदानी तरुणांच्या रक्ततपासणीने नेमकी हीच फट दाखवून दिली. त्यानंतर या दोन कृमींवरील औषधांचाही निर्वासितांच्या उपचारांत समावेश होत गेला.

परंतु येथेही पत्ता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. लोआ लोआचे कृमी रक्तात मोठ्या संख्येने असताना आयव्हरमेक्टिन दिले तर ते एकाच वेळी मरतात आणि मेंदूला सूज येऊन रुग्ण बेशुद्धावस्थेत जाऊ शकतो. म्हणून मध्य आफ्रिकेतील बाधित देशांतून आलेल्यांचे रक्त आधी तपासावे लागते. मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असलेल्या रुग्णाला प्राझिक्वांटेल दिल्यास फिट येऊ शकतात. म्हणजे गोळी सोपी असली तरी ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची आहे. 'जंताचे औषध आहे, काय होणार' असे म्हणून नव्हे.

रोग माणसाचा, कलंक कशाला?

स्थलांतरितांच्या आजारांविषयी लिहिताना एक भीती नेहमी असते. ही माहिती उपचारासाठी वापरली जाण्याऐवजी त्यांच्याविरुद्ध वापरली जाईल. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने किंवा एका वर्गात शिकल्याने शिस्टोसोमा पसरत नाही. त्याला विशिष्ट गोगलगाय आणि दूषित पाणी लागते. दोन्ही जेथे आहेत तेथे तो रुजू शकतो हेही खरे. २०१३ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील काव्हू नदीत पोहलेल्या, आफ्रिकेत कधीही न गेलेल्या माणसांना त्याची बाधा झाली होती. परंतु त्यावरचा उपाय पाहुण्याला हाकलून देणे हा नाही. रुग्ण लवकर शोधून बरा केला की अंडी पाण्यात पडणेच थांबते. भीतीने आजार लपवला जातो आणि लपवलेला आजारच पसरतो. स्ट्राँगिलॉइड्सच्या बाबतीत तर शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक धोका त्या मुलाला स्वतःलाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ६० कोटी लोकांच्या शरीरात स्ट्राँगिलॉइड्स आहे. त्यांत भारतीयही आहेत. ब्रिटनमधील रुग्णालयांत भारतीय उपखंडातून, अनेक वर्षांपूर्वी, येऊन स्थायिक झालेल्यांमध्ये हा कृमी सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांनी आणि त्यांच्याकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांनीही एक सवय लावून घ्यायला हरकत नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होणार असतील, तर आपले बालपण कोठे गेले, शेतात अनवाणी चालत होतो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि कृमीच्या चाचणीची गरज आहे का, हे विचारावे.

ज्या मुलाने घर, भाषा आणि माणसे गमावली आहेत, त्याला वर्षानुवर्षे 'तुला काही झालेले नाही' असे सांगून परत पाठवणे हा त्याच्यावर होणारा आणखी एक अन्याय आहे. तो टाळण्यासाठी एक रक्तचाचणी, दोन प्रकारच्या गोळ्या आणि दुभाष्यासह शांतपणे ऐकून घेण्याची पंधरा मिनिटे लागतात. सुदानच्या त्या तरुणांना हे मिळायला काही वर्षे लागली. त्यांच्या मागून आलेल्यांना ते पहिल्याच भेटीत मिळाले पाहिजे.